दुपारच्या पहाऱ्यातली सपाट रेघ

आवाज बिघडला की लोक माझ्याकडे येतात. परभणीत माझं छोटं दुकान आहे, खरं म्हणजे घराचीच पुढची खोली. कीर्तनं, भाषणं, लग्नातली मंगलाष्टकं लोक पेनड्राइव्हवर आणून देतात आणि म्हणतात, "ताई, जरा साफ करून द्या." मी रागीट आहे हे गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. माइकला उपरणं गुंडाळून सगळं कीर्तन रेकॉर्ड करायचं आणि मग आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतो म्हणून मलाच विचारायचं, हे मला सहन होत नाही. तरी माणसं परत येतात, कारण बिघाड सापडल्याशिवाय मी जागेवरून उठत नाही.

लांबलचक रेकॉर्डिंगची दुखणी निराळी असतात. गाण्याएवढ्या तुकड्यात जे कळत नाही ते दिवसभराच्या फायलीत डोकं वर काढतं. कॉम्प्युटर मध्येच डुलकी घेतो, वायर उन्हानं सैल होते, घड्याळ हळूच मागं पडतं. ऐकून हे सापडत नाही, कारण एवढं ऐकायला माणसाचं आयुष्य पुरायचं नाही. आवाजाची रेघ पडद्यावर बघायची आणि ती कुठं वाकडी जाते ते शोधायचं. मला हे काम आवडतं, त्यात कुणाची मर्जी राखावी लागत नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, मांडीचं हाड मोडल्यापासून माझ्याकडेच असत. खाटेवरून उठणं नव्हतं. गाव आमचं सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या पलीकडं. तिथं धाकटा भाऊ आणि भावजय राहतात, शेती बघतात. गावात महादेवाच्या देवळात दरवर्षी माघात शिवनाम सप्ताह बसतो. सप्ताहाचे सगळे दिवस, दिवसरात्र, वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. ज्याच्या गळ्यात ती असेल त्यानं उभं राहायचं, तार छेडत राहायचं, शिवनाम घेत राहायचं. ह्याला पहारा म्हणतात. पुढचा माणूस येतो, "शरणार्थ" म्हणून वाकतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, तेव्हा आधीचा मोकळा होतो. वीणा मध्येच खाली टेकली की सप्ताह खंडला, असं आमच्याकडे मानतात.

पहारा पुरुषांचा. बायका पारायणाला बसतात, पंगतीचा स्वयंपाक करतात, आरतीला उभ्या राहतात; वीणेला हात लावत नाहीत. आमच्या लिंगायत घराण्यांत बाईच्या गळ्यातही इष्टलिंग असतं, दीक्षा तिलाही देतात, तरी वीणा तिला नाही. असं का, हे कुठं लिहिलेलं नाही आणि कुणी विचारतही नाही.

अप्पांचा पहारा दुपारचा. तो त्यांनी तरुणपणी मागून घेतला होता, कारण दुपारी कुणालाच नको असतो. पंगत उठलेली, माणसं शेतात गेलेली, पुजारी भिंतीला टेकून पेंगत असतो. अप्पा म्हणायचे, त्या वक्ताला देव आन् मी दोघंच असतो. पहारा उरकल्याशिवाय ते जेवत नसत. इतकी वर्षं हा नेम कधी चुकला नव्हता, अगदी ताप अंगात असतानाही.

त्या माघात मात्र खाटेवरून उठवेना. पहारा भावाकडे गेला. अप्पांनी काही तक्रार केली नाही, पण एक दिवस मला म्हणाले, "माय, मला निस्तं ऐकायला तरी मिळंल का?"

फोनवरून ऐकवायचं तर गावात रेंज धड नाही. तेव्हा मी माझा दुकानातला कॉम्प्युटर नि एक चांगला माइक घेऊन गेले, देवळातल्या खांबाला माइक बांधला, इन्व्हर्टरवर जोडणी केली आणि भावाला सगळं समजावून आले. खात्रीला म्हणून एक तळहाताएवढा छोटा रेकॉर्डरही भिंतीतल्या देवळीत ठेवला. लांबच्या रेकॉर्डिंगला मी नेहमी दोन यंत्रं लावते. एकावर विश्वास ठेवून मी पूर्वी तोंडघशी पडलेली आहे.

सप्ताह उठला. भाऊ कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून एसटीनं घेऊन आला. छोटा रेकॉर्डर त्यात नव्हता. "दिसला न्हाई अक्का, कुणी पोरानं उचलला असंल," असं म्हणाला आणि चहा घेऊन परतीची गाडी धरली. महाग वस्तू, मी चडफडले. पण मुख्य रेकॉर्डिंग हाती आलं होतं, म्हणून गप्प बसले.

अप्पांनी मनाशी नेम ठरवून टाकला होता. रोज दुपारी एका दिवसाचा पहारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग जेवायचं. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवायची. पहिले दोनतीन दिवस छान गेले. भावाचा आवाज खणखणीत आहे. अप्पा डोळे मिटून ऐकायचे, पांघरुणावर त्यांची बोटं तार छेडल्यासारखी हलायची. दवाखान्यातून आणल्यापासून एवढे शांत मी त्यांना पाहिले नव्हते.

पुढच्या दिवशी मी आत भाकरी थापत होते. बाहेरून हाक आली. जाऊन बघते तर हेडफोन छातीवर, चेहरा पांढरा.

"वीणा खाली ठिवली," अप्पा म्हणाले.

मी ऐकून पाहिलं. भाऊ नाम घेतोय, घेतोय, खोकला, काहीतरी सरकल्याचा आवाज, आणि मग काही नाही. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदम भावाचं नाम, मध्ये काही घडलंच नसावं तसं. त्यापुढच्या दिवसांच्या फायली घाईघाईनं उघडल्या. प्रत्येक दुपारी तीच गत.

"मशीनचा दोष आहे, अप्पा," मी म्हटलं.

"तुला ठावं हाय का तू अंदाज करायलीस?"

अप्पांना खोटं सांगून चालत नाही. ते स्वतः खोटं बोलत नाहीत आणि दुसऱ्याचं त्यांना लगेच कळतं. मी म्हटलं, "अंदाज आहे. शोधून सांगते."

"मंग शोध. माझ्या घराण्यात पहारा खंडला आसंल तर मला कळाय पायजे. तवर ताट नको."

मी रागावले, विनवण्या केल्या. मधुमेहाच्या गोळ्या उपाशीपोटी द्यायच्या नाहीत, साखर एकाएकी खाली जाते, डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं होतं. अप्पा फक्त कपभर दूध घेत आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहत. हट्ट म्हणावा तर त्यात आवाज चढवणं नव्हतं. तोंडाशी आणलेला घास ते हातानं बाजूला करायचे, तेसुद्धा हळू, मला वाईट वाटू नये असं. मला फार भीती वाटायला लागली.

भावाला फोन केला. "तू दुपारी पहारा सोडून कुठं गेला होतास का?"

"मी? न्हाई बा. तुमच्या मशीनमंदीच काय तरी झालं आसंल."

"वीणा खाली ठेवली होतीस?"

"वीणा खाली न्हाई ठिवली, अक्का. शपथ."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जेवढं ठाम होतं तेवढं पहिल्याचं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची त्याची लहानपणापासूनची सवय मला माहीत आहे. पण फोनवर ओरडून कुणी खरं बोलत नाही. मी कॉम्प्युटरसमोर बसले.

आधी वायर तपासली. हलवली, वाकवली, पिळली. वायर खराब असली की आवाज तडतडतो, जाता जाता कुरकुर करतो. इथं तसं काही नव्हतं. मग वाटलं, कॉम्प्युटरनं वीज वाचवायला माइकची जोडणी झोपवली असेल. तसं झालं तर मधला वेळच फायलीतून गळतो, फाइल आखूड होते. ते कसं बघायचं? पहाऱ्याची वेळ ठरलेली असते. भावाच्या "शरणार्थ"पासून पुढच्या माणसाच्या "शरणार्थ"पर्यंत मोजलं. वेळ बरोबर भरत होता. म्हणजे कॉम्प्युटर जागा होता, घड्याळ नीट चालत होतं, आणि तरी त्यानं काहीच लिहिलं नव्हतं.

मग मी ती जागा पडद्यावर मोठी करून पाहिली. अजून मोठी केली. रेघ सपाट होती. शेणानं सारवून घ्यावी तशी सपाट, कुठं कण नाही.

इथं मला पहिल्यांदा धीर आला. खऱ्या शांततेची रेघ अशी नसते. रिकाम्या देवळातही पारवे फडफडतात, बाहेर कुणाची मोटरसायकल जाते, इन्व्हर्टर घुमतो, हवा असते. माणूस ज्याला शांतता म्हणतो त्यात माइकला बारीकसारीक पुष्कळ ऐकू येतं आणि रेघ थरथरत राहते. वीणा नुसती खाली ठेवून भाऊ निघून गेला असता तर हे सगळं मागं उरलं असतं. इथं देऊळच उरलं नव्हतं. म्हणजे ही शांतता यंत्रानं केलेली होती.

मी अप्पांना हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे मशीननं आवाज कापला."

"हो."

"पर काय कापलं ते तुला ठावं न्हाई. त्याच्याखाली वीणा व्हती का नव्हती?"

अप्पांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

बिघाड आठवड्याच्या मध्यात सुरू झाला, म्हणून मी मध्यातच शोधत बसले होते. त्या दिवशी कॉम्प्युटरात काय बदललं, कुठला प्रोग्रॅम आपणहून सुरू झाला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. काही सापडेना तेव्हा वैतागून मी पहिल्या दिवसाची चांगली फाइल उघडली, नुसती ताडून बघायला. भाऊ नाम घेत होता. एक नाम, श्वास, दुसरं नाम. मी तो श्वास मोठा करून पाहिला आणि खुर्चीतच मागं सरले. दोन नामांच्या मधे, त्या एवढ्याशा फटीतही, रेघ तशीच सपाट होती.

म्हणजे दुखणं मध्यात सुरू झालंच नव्हतं. ते पहिल्या क्षणापासून होतं. भावाचा आवाज मोठा होता म्हणून ते झाकलं गेलं. सेटिंगमध्ये खोल जाऊन पाहिलं तर नव्या सॉफ्टवेअरनं आणलेली एक सोय चालू सापडली, बोलणाऱ्या माणसाचा आवाज ठेवून बाकीचा गोंगाट काढून टाकणारी. फोनवर मीटिंग करणाऱ्यांना ती चांगली. पंख्याचा आवाज, भांड्यांचा आवाज, सगळं गोंगाट म्हणून ती पुसते. वीणेची एकसुरी तार तिच्या लेखी पंख्यासारखीच. मोठ्यानं बोलणारा माणूस असेल तर तेवढं ठेवायचं, नसेल तर सगळं फेकायचं. वारं जोराचं असलं की खळ्यावर कोंड्याबरोबर दाणेही उडून जातात, तसं झालं होतं.

बिघाड सापडला. एरवी मी अशा वेळी स्वतःसाठी मस्त आल्याचा चहा करते. त्या दिवशी केला नाही. कारण आता प्रश्न उलटा झाला होता. त्या दुपारी देवळात मोठ्यानं नाम घेणारं कुणी नव्हतं, एवढं पक्कं झालं. भाऊ तिथं नव्हता. आणि यंत्रानं पुसलेलं परत आणता येत नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते मी कुठून काढणार? जगात एकच वस्तू हे सांगू शकत होती आणि ती कुणा पोरानं उचलली होती म्हणे.

शेजारच्या काकूंना अप्पांजवळ बसवून मी गंगाखेडवरून सोनपेठची गाडी धरली. हरभरा घाट्यांवर आला होता, गहू कमरेला लागला होता. खिडकीत बसून मी भावाला काय काय बोलायचं ते जुळवत होते. सगळं जुळवलेलं फुकट गेलं. घरी भाऊ नव्हता, शेतात गेला होता. भावजय एकटीच अंगणात तूर पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि पाणी आणायला आत गेली. बराच वेळ बाहेर आलीच नाही.

आली तेव्हा तिच्या एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं. गाठ सोडली. माझा रेकॉर्डर.

"कुठं सापडला?"

"सापडला न्हाई. मीच देवळीतून काढून आणला व्हता." ती उभीच राहिली. "त्यातलं पुसावं म्हणलं. शेजारच्या पोरीनं कसं पुसायचं ते दावलं बी. पर त्यात शिवाचं नाव हाय, अक्का. हात उचलंना."

मग तिनं सांगितलं. सप्ताहाच्या मध्यात विजेची पाळी बदलली. थ्री फेज लाईट दुपारची झाली. मोटर चालेल तर त्याच वेळेत, आणि गव्हाला पाणी द्यायला झालेलं. भावानं पहिल्या दिवशी तोंड पाडून तिला विचारलं, काय करावं? दुसरा माणूस कुठून आणायचा, जो तो आपापल्या मोटरीवर गेलेला. देवळात पुजारी झोपलेले. ती त्याला डबा द्यायला देवळात आली होती. "म्हणलं, ठिवू नका खाली. द्या माझ्याकडं. मोटर चालू करून पाण्याची दारं मोडून या, तवर धरते."

"रोज?"

"लाईट दुपारची व्हती तवर रोज. मोठ्यानं नाव घेतलं न्हाई. बाईचा आवाज बाहीर गेला आसता तर गाव गोळा झालं आसतं. मनातल्या मनातच घेतलं. तार बी निस्ती बोटानं." तिनं बोट हलवून दाखवलं. "मामंजीला सांगू नका. त्यांचा पहारा म्या बाटवला आसं म्हणतील."

मी तिला सगळं सांगितलं. अप्पा जेवत नाहीत हे भावानं तिच्यापर्यंत पोचवलंच नव्हतं.

खरं सांगायचं तर माझं मन तेव्हा फार कोतं झालं होतं. रेकॉर्डर माझ्या मांडीवर होता, उचलून पर्समध्ये टाकला असता तर ती काही बोलली नसती. पण ज्यात तिची अब्रू होती ते तिला न विचारता नेणं मला जमेना. मी म्हटलं, "तू नको म्हणालीस तर हा इथंच ठेवते. अप्पांना सांगेन की रेकॉर्डर मिळाला, पण ऐकवणार नाही."

"आन् मंग ते जेवतील?"

"नाही."

"न्हाई ना? मंग न्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन् ऐकून बी जेवले न्हाईत तर?"

परतीच्या सगळ्या वाटेवर मी तेच घोळवत बसले. एक बाई वीणा धरून उभी होती, हे अप्पांच्या दृष्टीनं वीणा खाली ठेवण्यापेक्षा बरं की वाईट? मी त्यांची मुलगी, जन्मभर त्यांना ओळखते, आणि मला सांगता येत नव्हतं.

घरी आल्यावर मी आधी एकटीनं ऐकलं. त्या साध्या रेकॉर्डरात कसलीच सोय नाही, येईल ते लिहून घेतो. पारवे होते. इन्व्हर्टरची घरघर होती. पुजाऱ्यांचं घोरणं होतं. भाऊ खोकला, डबा सरकला, कुजबूज झाली, तिचं बारीक "शरणार्थ" ऐकू आलं. आणि मग तार. एकसारखी, सावकाश, कुठं न अडखळता. प्रत्येक छेडण्याबरोबर बांगड्यांची किणकिण. मी हेडफोन काढून ठेवला आणि रडले. दुःख झालं म्हणून नाही. एवढा वेळ तिथं कुणीतरी होतं आणि माझ्या भारी माइकनं तिला गोंगाटात काढलं, ह्याचा मला संताप आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांना उशी देऊन बसतं केलं. ते खूप थकलेले होते, मान धरवत नव्हती. मी म्हटलं, "अप्पा, दुसऱ्या यंत्रातलं मिळालं. वीणा होती. पण ऐकून घ्या, मग काय ते म्हणा."

हेडफोन लावला. मी समोर स्टुलावर बसले. चेहरा सोडून दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती आणि चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. तार सुरू झाल्यावर त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. थोड्याच वेळात परत आल्या.

"बांगड्या वाजायल्यात."

"हो, अप्पा."

मी बंद करायला हात पुढं केला तर त्यांनी नको म्हणून खूण केली. सगळं ऐकलं. भाऊ परत येऊन मोठ्यानं नाम घ्यायला लागेपर्यंत ऐकलं. मग हेडफोन स्वतःच्या हातानं काढला.

"उभी व्हती का बसली व्हती?"

हे मी तिला विचारलंच नव्हतं. तसं म्हटलं.

"लाव तिला फोन."

मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पलीकडं तिनं "हालो" म्हटल्यावर अप्पांनी थेट विचारलं.

"उभी व्हतीस का बसलीस?"

"उभीच व्हते, मामंजी."

"समद्या दिवशी?"

"व्हय."

अप्पांचा श्वास जड चालला होता. "वझं हाय त्या वीणेला," ते म्हणाले. "खांदा भरून आला आसंल तुझा. पाय बी दुखले आसतील."

पलीकडून हुंदका आला.

"मला इचारलं आसतंस तर म्या न्हाईच म्हणलो आसतो."

"म्हणूनच न्हाई इचारलं, मामंजी."

"बरं केलंस," अप्पा म्हणाले आणि फोन माझ्याकडं दिला.

मी फोन बंद केला. ते छताकडं बघत पडून राहिले. डोळ्यांतून पाणी कानांकडं उतरत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाले, "ताट आण."

मी भाकरी चुरून वरणात कालवली. त्यांच्या अंगात त्राण नव्हतं म्हणून भरवायला गेले, तर नको म्हणाले, स्वतःच्या हातानं खाल्लं. दोन घास गेल्यावर थांबले.

"ते तुझ्या मशीननं जितं जितं कापलंय, तितं ह्यातलं जोडता येतं का?"

"येतं. बांगड्या फार जवळून आल्यात, त्या तेवढ्या काढून साफ करते."

"बांगड्या काढू नको. हाय तसं जोड आन् देवळात देऊन टाक. फुडल्या सप्त्याला लोकायला ऐकू दे."

"अप्पा, गाव तिला बोलेल. कुणाला विचारून वीणा घेतली म्हणतील."

"म्हण, म्हाताऱ्यानं सांगितलं व्हतं. म्याच उभं केलं म्हण सुनेला."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. "पण अप्पा, हे खोटं होईल."

"व्हऊ दे," अप्पा म्हणाले आणि वरणासाठी वाटी पुढं केली.